नास्तिक, आस्था आणि भाव : एका रूढ समजुतीची चिकित्सा

मराठी समाजात ‘नास्तिक’ या शब्दाने ज्या व्यक्तीचा निर्देश होतो, तिच्याविषयी तीन गोष्टी सहसा गृहीत धरल्या जातात. ती भावनाशून्य असते; तिच्या ठिकाणी कोणत्याही प्रकारची श्रद्धा नसते; आणि ज्यास सामान्यतः अध्यात्म म्हटले जाते त्या आंतरिक जीवनाशी तिचा काही संबंध नसतो. ही गृहीते वादविवादात क्वचितच उघडपणे मांडली जातात, कारण ती मांडण्याची आवश्यकताच कोणास वाटत नाही. ती बोलण्यात मुरलेली आहेत. म्हणून त्यांची चिकित्सा तत्त्वज्ञानाच्या अंगाने करण्यापूर्वी भाषेच्या अंगाने करणे अधिक फलदायी ठरेल, असे दिसते.

या चिकित्सेस परभणीचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. जनाबाईचे गंगाखेड या जिल्ह्यात आहे. नामदेवांचे नर्सी आणि विसोबा खेचरांच्या कथेशी निगडित असलेले औंढा नागनाथ ही स्थाने १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. आणि त्याच जुन्या जिल्ह्यात १५ जुलै १९३२ रोजी नरहर कुरुंदकर जन्मले. आपण नास्तिक आहोत ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. मराठी भक्तीचे एक उगमस्थान आणि आधुनिक मराठीतील एका अत्यंत समर्थ निरीश्वरवादी समीक्षकाचे जन्मस्थान एकाच मुलखात असावे, हा केवळ योगायोग मानला तरी तो विचार करावयास लावणारा आहे.

प्रथम ‘नास्तिक’ हा शब्दच घेऊ. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील साठाव्या सूत्रात आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तीन शब्द एकत्र सिद्ध केले आहेत. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि सर्व काही दैवाधीन आहे अशी ज्याची मती तो दैष्टिक. काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही. टीकाकारांनी तेथे ‘परलोक’ हा शब्द अध्याहृत धरला. ईश्वराचा उल्लेख तेथे नाही. मनुस्मृतीत हाच शब्द वेदाची निंदा करणाऱ्यास लावला गेला, म्हणजे परलोकाच्या जागी वेदप्रामाण्य आले. या व्याख्येचा परिणाम असा की, जगाचा कर्ता ईश्वर आहे या मताचे श्लोकवार्तिकात खंडन करणारा कुमारिल भट्ट आस्तिकांत मोडतो. ईश्वरावाचून विश्वाची उपपत्ती लावणारे सांख्यही आस्तिकांतच मोडतात. आज ‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा असा जो एकमेव अर्थ मराठीत रूढ आहे, तो या शब्दाच्या इतिहासातील तिसरा टप्पा होय.

मती दर्शविणारा हा शब्द स्वभाव दर्शविणारा कधी झाला? संशय तर ऋग्वेदाइतका जुना आहे. दुसऱ्या मंडलातील इंद्रसूक्तात इंद्र नाहीच असे म्हणणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे, आणि सूक्तकर्ता त्यांना उत्तर देतो. परंतु भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात जग निरीश्वर मानणारा मनुष्य आसुरी संपत्तीच्या वर्णनात आणून बसविला गेला. तेथे मत आणि चारित्र्य यांची सांगड पडली. जो ईश्वर मानीत नाही तो अल्पबुद्धी, उग्रकर्मा आणि कामलोलुप असतो, असे वर्णन एका श्लोकामागून दुसऱ्या श्लोकात येते. १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरांनी हा अध्याय मराठीत विस्ताराने विवरला आणि पुढे ज्ञानेश्वरीचे पारायण घरोघर होऊ लागले. नास्तिकाचे हे चित्र सामान्य मराठी मनावर किती शतके ठसत आले असेल, याची कल्पना त्यावरून करता येते. शब्दांची अधोगती ही नवलाची गोष्ट नव्हे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ हा शब्द सर्व संप्रदायांस समभावाने लावलेला आहे. त्याच शब्दाचे ‘पाखंड’ झाले आणि मराठीत ती शिवी ठरली.

याहून सूक्ष्म अशी एक भाषिक घटना मात्र दुर्लक्षित राहिली आहे. मराठी भाषकास ‘आस्तिक’ आणि ‘आस्था’ हे शब्द एकाच कुळातील वाटतात. वस्तुतः त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. ‘आस्तिक’ हा ‘अस्ति’ या क्रियापदापासून, तर ‘आस्था’ हा आ-पूर्वक ‘स्था’ धातूपासून आलेला आहे. परंतु ध्वनिसाम्य असे आहे की, आस्था असलेला तो आस्तिक आणि ती नसलेला तो नास्तिक, अशी लोकव्युत्पत्ती मनात आपोआप तयार होते. ‘आस्था’ या शब्दाचा मराठीतील अर्थ कळकळ, काळजी, आपुलकी असा आहे. ‘अनास्था’ म्हणजे बेपर्वाई. तेव्हा नास्तिक म्हटला की तो बेपर्वा, कळकळ नसलेला, असे अनुमान व्याकरणाच्या नव्हे तर कानाच्या साक्षीने निघते. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या चार्वाकविषयक ग्रंथास ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ हे नाव दिले, ते पाहून अनेकांस तो केवळ विरोधाभास वाटतो. ज्याने या प्रत्यक्ष जगाविषयी निःशंकपणे ‘आहे’ म्हटले त्याला आस्तिक म्हणावयाचे नाही तर कोणास, असा प्रश्न ते शीर्षक पाणिनीच्या सूत्राकडे बोट दाखवूनच विचारीत आहे असे म्हणता येते.

‘भाव’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. संस्कृतात भाव म्हणजे असणे, होणे, मनाची अवस्था. मराठीत, आणि विशेषतः वारकरी परंपरेच्या मराठीत, तो भक्तीचा पर्याय झाला. ‘भाविक’ म्हणजे भावना असलेला नव्हे, तर देवावर भक्ती असलेला. भाव तसा देव, असे लोक म्हणतात. मनात भाव नसता देवाकडे मागणे मागणाऱ्याची थट्टा करणारी म्हणही सर्वांस ठाऊक आहे. (परभणीच्या मोंढ्यात कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यास ‘भाव’ विचारला तर तो तिसरेच काही सांगेल, आणि त्याची भक्ती व त्याचा राग दोन्ही त्या तिसऱ्या अर्थाशी बांधलेली असतील, पण तो विषय वेगळा.) अर्थसंकोचाच्या या प्रक्रियेमुळे मराठीत एक विलक्षण पेच निर्माण झाला. जो भाविक नाही त्याच्या ठिकाणी भाव नाही, आणि ज्याच्या ठिकाणी भाव नाही तो भावनाशून्य, हे अनुमान मराठी बोलणाऱ्यास तर्काचे वाटत नाही. ते शब्दार्थच वाटते. ‘भाविक’, ‘भावुक’, ‘भावनिक’ हे शब्द वेगळे ठेवण्याची शिस्त विद्वान पाळतात, व्यवहार पाळीत नाही.

भारतीय काव्यशास्त्राने मात्र ही गल्लत केली नव्हती. भरताने मानलेले आठ स्थायी भाव म्हणजे रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. त्यांत ईश्वरनिष्ठेस स्थान नाही. मम्मटाने देवविषयक रतीला रस न मानता केवळ ‘भाव’ ही संज्ञा दिली. भक्तीस स्वतंत्र रसाची प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी रूप गोस्वामी आणि मधुसूदन सरस्वती यांना पुढे परिश्रम करावे लागले. याचा अर्थ असा की, जो शास्त्रविचार मानवी भावनांची मोजदाद करण्यास निघाला होता त्याने ती देवाच्या आधारावाचून पुरी केली. शोक हा शोकच असतो. तो अनुभवणाऱ्याने परलोक मानावा अशी अट भरताने घातलेली नाही.

‘श्रद्धा’ या शब्दाचेही असेच. यातील ‘श्रत्’ हे पद निघंटूत सत्यवाचक शब्दांत दिले आहे. तौलनिक भाषाशास्त्र या शब्दाचा संबंध लॅटिन ‘क्रेडो’शी जोडते आणि हृदय ठेवणे असा मूळ अर्थ सुचविते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धा स्वतःच देवता आहे. ती दुसऱ्या कोणा देवाची दासी नाही. पाली परंपरेत ‘सद्धा’ हे पाच इंद्रियांपैकी पहिले, आणि ते ज्या धर्मात सांगितले आहे त्यात सृष्टिकर्ता ईश्वर नाही. तेव्हा श्रद्धेस ईश्वर अपरिहार्य आहे हे म्हणणे इतिहासास सोडून आहे.

पण याहून बोलका पुरावा संस्कृतात नव्हे, मराठवाड्याच्या रोजच्या बोलीत आहे. निजामी राज्याच्या दीर्घ सहवासाने येथील मराठी अरबी-फारसी शब्दांनी भरलेली आहे. ‘इमान’ हा त्यांपैकी एक. मूळ धर्मशास्त्रीय अर्थाने ईमान म्हणजे अल्लावरील व त्याच्या प्रेषितावरील विश्वास. मराठीत आल्यावर या शब्दाने आपला ईश्वरविषयक अर्थ टाकून दिला. शेतकरी आपल्या गड्यास इमानी म्हणतो, कुत्र्यासही म्हणतो; ‘बेइमान’ म्हणजे शब्द मोडणारा, दगा देणारा. त्याचा देव कोणता आहे किंवा आहे की नाही, हे विचारण्याचे कारण पडत नाही. म्हणजे शुद्ध धार्मिक श्रद्धेचा शब्द मराठी माणसाने माणसामाणसांतील निष्ठेचा शब्द करून टाकला, आणि तो करताना त्याला कोठेही अडखळल्यासारखे झाले नाही. जो समाज कुत्र्याच्या ठिकाणी देवनिरपेक्ष निष्ठा सहज मान्य करतो, तो नास्तिकाच्या ठिकाणी ती मान्य करताना का संकोचतो, हे कोडेच आहे.

आता कुरुंदकरांकडे वळणे योग्य होईल. नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयात अध्यापक आणि पुढे प्राचार्य म्हणून त्यांचे आयुष्य गेले; १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत व्यासपीठावर असतानाच त्यांचा अंत झाला. त्यांच्या ग्रंथांची नावे पाहिली असता एक गोष्ट चटकन लक्षात येते. ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘भजन’. ही तिन्ही नावे देवळातून आलेली आहेत. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ यांत राजकीय व सामाजिक प्रश्नांची कठोर चिकित्सा आहे, उपासना नाही. तरीही रात्रभर जागे राहण्याचा, व्रतस्थपणाचा जो अर्थ या शब्दांना लोकजीवनाने दिला तो लेखकाने नाकारलेला नाही. तो त्याने उचलला आणि दुसऱ्या कामास लावला.

यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. पहिला निष्कर्ष असा की, हा केवळ उपरोध आहे. तो टिकत नाही. उपरोधिक लेखकाचे गद्य एवढे गंभीर नसते. दुसरा निष्कर्ष अधिक लोकप्रिय आहे, आणि तो प्रेमाने काढला जातो: ते वरून नास्तिक म्हणवीत, पण आतून आस्तिकच होते. अशा प्रकारचे उद्गार कुरुंदकरांविषयीच नव्हे, तर ज्या ज्या नास्तिकाने लोकांचे प्रेम मिळविले त्याच्याविषयी ऐकू येतात. गोपाळ गणेश आगरकरांस ‘देव न मानणारा देवमाणूस’ म्हटले जाते. (नेमकेपणाने बोलावयाचे तर आगरकर अज्ञेयवादी होते, लोकव्यवहार हा भेद करीत नाही.) या वाक्प्रयोगातील कौतुक निःसंशय आहे. परंतु भाषिक दृष्टीने पाहिले तर त्यात एक माघार दडलेली आहे: माणूस चांगला आहे हे सांगण्यास ‘माणूस’ हा शब्द अपुरा पडला, म्हणून त्याने जे नाकारले तेच त्याच्या नावामागे जोडावे लागले.

हे औदार्य वस्तुतः रूढ समजुतीचेच दुसरे रूप होय. नास्तिक भावनाशून्य असतो या नियमाला एक जिवंत अपवाद समोर आला, की नियम सोडण्याऐवजी अपवादाचे नास्तिक्य खोटे ठरविले जाते. मग कितीही अपवाद आले तरी नियम अबाधित राहतो. तर्कशास्त्राच्या प्राथमिक विद्यार्थ्यासही हा दोष दाखविता येईल. पण यात केवळ तर्कदोष नाही, अन्यायही आहे. ज्याने विचारान्ती एक मत स्वीकारले आणि त्याची किंमत दिली, त्याला मरणोत्तर त्या मतापासून वेगळे काढणे म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या बोलण्यावर अविश्वास दाखविणे होय. निंदकाने त्याला दगड म्हटले तर निदान त्याचे म्हणणे ऐकले असे तरी होते. (नास्तिकाला मूर्तीत केवळ दगड दिसतो म्हणून त्यालाच दगड म्हणण्याची जी रीत आहे, तीत दगडाची प्रतिष्ठा नेमकी कोणी कमी केली, हे ठरविणे कठीण आहे.)

कुरुंदकरांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच अभ्यासविषयात सापडते. त्यांनी आय. ए. रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. रिचर्ड्सने काव्याच्या संदर्भात बौद्धिक विश्वास आणि भावनिक विश्वास यांत भेद केला होता. एखादे विधान सत्य म्हणून स्वीकारणे निराळे आणि त्या विधानाभोवती आपल्या वृत्तींची जुळणी होऊ देणे निराळे. हा भेद मान्य केला तर जनाबाईच्या अभंगांचा निरीश्वरवादी वाचक हे विसंगत चित्र राहत नाही. जनाबाई विठ्ठलाशी केवळ लीन होऊन बोलत नाही. ती त्याच्याशी भांडते, त्याला शिव्याशापही देते. दळणकांडण करणाऱ्या दासीचा एकाकीपणा, तिचा राग, कोणीतरी आपल्या कामाला हात लावावा ही तिची ओढ यांचा प्रत्यय घेण्यास विठ्ठलाच्या अस्तित्वावर शिक्कामोर्तब करण्याची पूर्वअट नाही. उलट असेही म्हणता येईल की, ज्याला विठ्ठल मदतीस येईल अशी खात्री नाही, त्याला त्या दासीचे एकटेपण अधिक तीव्रतेने जाणवण्याचा संभव आहे. १९७७ च्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात गाडगेबाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. देवाला निवृत्त करा असे जाहीरपणे सांगणारा नट कीर्तनकाराच्या भूमिकेत उभा राहिला. हे ढोंग नव्हते आणि धर्मांतरही नव्हते.

तथापि या समजुतीचा सर्व दोष आस्तिकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. मराठीतील बुद्धिवादी लेखनाचा मोठा भाग भावनेला दुर्बलता मानून लिहिला गेला. भाविकाची चूक दाखविताना त्याच्या दुःखाची टर उडविण्याचा मोह अनेक लेखकांना आवरता आला नाही. खंडनाची भाषा त्यांनी घडविली. सांत्वनाची घडविली नाही. या दृष्टीने डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांत भेद करून बोलण्याचा जो आग्रह धरला, तो पुष्कळांना तडजोडीचा वाटला असला तरी भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा होता: ‘श्रद्धा’ हा शब्द त्यांनी प्रतिपक्षाला देऊन टाकला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली.

अध्यात्माविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘अध्यात्म’ म्हणजे आत्म्यासंबंधीचे, स्वतःसंबंधीचे. गीतेच्या आठव्या अध्यायात स्वभावालाच ही संज्ञा दिली आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जाणारा जैन यात्रेकरू ज्या मूर्तीपुढे हात जोडतो, त्या तीर्थंकराने जग निर्माण केलेले नाही आणि तो कोणास काही देतही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या कुटुंबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांच्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांना न मानण्याचा स्पष्ट उच्चार आहे. परभणी जिल्ह्यातील विहारांत वंदनेस बसलेल्या वृद्ध स्त्रीला अध्यात्मशून्य म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग हीच गोष्ट एकाकी नास्तिकाविषयी का बोलली जाते? त्याच्यामागे समुदाय नाही, विहार नाही, डोंगर नाही, एवढेच उत्तर संभवते. आक्षेप निरीश्वरतेवर नसून एकटेपणावर आहे, असा संशय येथे बळावतो.

हा पूर्वग्रह केवळ मराठी किंवा भारतीय नाही. विल जर्व्हेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह १३ देशांतील ३,००० हून अधिक व्यक्तींची चाचणी घेऊन २०१७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार अत्यंत क्रूर कृत्य करणारी व्यक्ती नास्तिक असावी असे अनुमान लोक सहजपणे करतात. आणि विशेष म्हणजे स्वतःस नास्तिक म्हणविणारेही त्यास पूर्णपणे अपवाद नाहीत. ज्याच्याविषयी पूर्वग्रह आहे त्याच्याही मनात तो शिरलेला असतो, याचे कारण त्याने शिकलेली भाषा तीच असते.

या सर्वाची कसोटी शेवटी मृत्यूच्या प्रसंगी लागते. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि दूरदूरची माणसे दशक्रियेसाठी गंगाखेडला येतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत सर्वांच्या नजरा एकाच दिशेला लागलेल्या असतात. अशा वेळी ज्या मुलाने केशवपन नाकारले, घाटावर येण्यास नकार दिला, त्याच्याविषयी गावात जे बोलले जाते ते त्याच्या मताविषयी नसते. त्याला बापाचे काही वाटले नाही, असे म्हणतात. विधी हा शोकाचे व्याकरण असतो. ते व्याकरण सोडणाऱ्याचा शोक ऐकणाऱ्यास वाक्य म्हणून कळतच नाही. त्याला समजावून सांगावयाचे म्हटले तरी शब्द कोठले आणणार? मरणाला मराठीत ‘देवाघरी जाणे’ म्हणतात, सांत्वन करणारा ‘देवाची इच्छा’ म्हणतो, आणि मृताच्या आत्म्यास शांती चिंतिल्याविना शोकसभेचा ठराव पुरा होत नाही. नास्तिक पुत्र तेथे बहुधा गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

आगरकर १७ जून १८९५ रोजी वारले. त्यापूर्वीच सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. मृत्यूनंतर त्यांच्या उशाखाली एक पुरचुंडी सापडली, असे सांगितले जाते. आपल्या दहनाचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी त्या खर्चाचे पैसे तीत बांधून ठेवले होते.